खराडे सरांनी न पाहिलेला शेवट

“चौगले, तुम्ही इकडं. माझ्या शेजारी,” खराडे सर म्हणाले, आणि वैजयंताच्या शेजारच्या खुर्चीवर टेकायच्या बेतात असलेला मी तसाच ताठ झालो. थिएटरमधल्या त्या खुर्च्या स्प्रिंगच्या होत्या. मी उठल्याबरोबर खुर्ची फाटकन मागं आपटली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं आणि वैजयंता ओढणी तोंडाला लावून हसली. मी सगळ्यांच्या गुडघ्यांना धडकत रांगेच्या दुसऱ्या टोकाला सरांच्या शेजारी जाऊन बसलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होतो, कोल्हापूरपासून दोन तासांवर एका धरणाच्या कामावर राहत होतो, आणि लग्नाच्या बाजारात माझा भाव फारसा वर नव्हता. आईवडिलांनी मोठ्या हौसेनं माझं नाव धैर्यशील ठेवलं होतं. त्या नावाला जागण्याची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती आणि येऊ नये याची मी काळजीही घेत असे. समोरचा जे म्हणेल त्याला मान डोलवावी, वाद घालू नये, हा माझा बाणा. ऑफिसात साहेबांना मी यामुळे फार आवडत असे.

वैजयंताला बघायला गेलो तेव्हा पोहे झाल्यावर आम्हा दोघांना पाच मिनिटं बोलायला दिली होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्हाला राग येतो का?”

मी बराच विचार केला आणि म्हणालो, “तुम्हाला कसा चालेल?”

ती इतकी हसली, इतकी हसली की शेवटी पाणी प्यायला आत निघून गेली. मी एकटाच खोलीत बसून राहिलो आणि तिथंच ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशी. मला कुणी इतक्या मोकळ्या मनानं हसलं नव्हतं. पुढं मध्यस्थाकडून कळलं की मुलीची ना नाही. आता राहिले होते सर. “मुलगा बघितला, आता माणूस बघायचा हाय. रविवारी पिक्चरला पाठवा,” असा त्यांचा निरोप आला.

खराडे सर शाळेत पी. टी. चे शिक्षक. आडवा बांधा, ओठांवर पिळदार मिशा, आणि आवाज असा की त्यांनी शिट्टी कशासाठी बाळगली होती हेच कळू नये. त्यांच्या घराच्या बाहेरच्या सोप्यात मुदगलांची जोडी उभी होती आणि भिंतीवर ढाल-तलवार. पिक्चर होता सुडाचा. माझा मित्र उत्तम हा अशा बाबतीत स्वतःला जाणकार समजायचा. तो म्हणाला, “लेका, यात अवघड काय हाय? भिंतीवर तलवार असलेला माणूस हाय. त्यो जिथं मिशीवर हात फिरवंल तिथं तू टाळी मार.”

अवघड एवढंच होतं की खराड्यांच्या घरात एक रीत होती. पिक्चर बघितला की सगळ्यांनी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचं, समोर म्हशीची धार काढून घ्यायची आणि ग्लास हातात धरून एकेकानं आपलं मत सांगायचं. सुरुवात सगळ्यांत धाकट्यापासून. ‘मलापण तसंच वाटतं’ म्हणायची बंदी. मधे बोलायचं नाही आणि शेवटच्याची पाळी होईपर्यंत कुणी हलायचं नाही. सरांची शिस्तच होती ती. हे मध्यस्थानं मला आधी सांगून ठेवलं होतं. वैजयंता माझ्याहून लहान, म्हणजे माझी पाळी दुसरी. सरांचं मत ऐकून मग आपलं बेतायची सोय नव्हती. सरांचं मत मला सरांच्या आधी कळायला हवं होतं.

तेव्हा मी ठरवलं की पिक्चर बघायचाच नाही. सरांकडे बघायचं.

पिक्चरचं नाव सांगत नाही. तो पुढं फार चालला नाही, आणि करणाऱ्यानं तो मनापासून केला होता. गोष्ट इंग्रजांच्या काळातल्या एका काल्पनिक संस्थानातली. काही तरुण मंडळी भर दरबारात रेसिडेंट साहेबावर बॉम्ब टाकतात. साहेब वाचतो आणि बाहेर घोडा धरून उभा असलेला मोतद्दार मरतो. त्या मोतद्दाराचा भाऊ मग वर्षानुवर्षं त्या मंडळींचा माग काढत हिंडतो आणि एकेकाला गाठून मारतो. एवढं मला पडद्यावर अधूनमधून टाकलेल्या नजरेतून आणि आज्जींच्या प्रश्नांतून कळलं. आज्जी म्हणजे सरांची आई. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे त्या वैजयंताला दर थोड्या वेळानं विचारायच्या, “आता कोण मेला गं?” आणि सगळ्या थिएटरला उत्तर ऐकू जायचं.

बॉम्ब फुटला तेव्हा पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मोतद्दाराच्या भावानं पहिला माणूस मारला तेव्हाही मारल्या. आमचं कोल्हापूरचं पब्लिक शिट्टी मारताना पक्ष बघत नाही. मी मात्र सरांच्या हातांकडे बघत होतो. पहिला खून झाला तेव्हा त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मी मनात नोंद केली, आवडलं. दुसऱ्याला त्यांनी मोठा श्वास घेतला. मला वाटलं, रंगलेत. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही. हे मला जरा कोड्यात टाकणारं होतं, पण मी म्हटलं, माणूस भारावला की असं करतो.

मध्यंतरात आम्ही वडे घेऊन बाहेर उभे राहिलो. शेजारी दोघं तावातावानं बोलत होते.

“देशासाठी टाकला की बॉम्ब. त्यास्नी अतिरेकी कसं म्हणतोस?”

“देशासाठी टाकला, पर पडला कुणावर? मोतद्दारावर न्हवं? त्याच्या घरच्यांनी काय म्हणायचं त्यास्नी?”

“आन ह्यो जो मारत सुटलाय त्यो कोण मग?”

“त्यो भाऊ हाय. भाऊ मारणारच की.”

पहिल्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. दुसऱ्यानं बघितलं, त्यालाही डोलावली. सर वडा हातात धरून नुसते उभे होते. त्यांनी तो खाल्ला नाही. मी विचारलं, “सर, थंड होतोय.” ते म्हणाले, “तुम्ही घ्या.” मी घेतला. सासऱ्यांच्या हातचा वडा, म्हणजे निम्मं जमलं, असा माझा हिशेब.

शेवटाकडे मात्र माझी पंचाईत झाली. मोतद्दाराचा भाऊ शेवटच्या माणसाला शोधत एका खेड्यात येतो. तो माणूस आता तिथं शाळामास्तर होऊन बायकामुलांत राहत असतो. भाऊ त्याच्या दारात येऊन उभा राहिला, संगीत एकदम थांबलं, सगळं थिएटर चिडीचूप झालं, आणि नेमके तेव्हाच खराडे सर उठले आणि बाहेर निघून गेले.

बघायला सरच उरले नाहीत, म्हणून मग मी पडद्याकडे बघितलं. सगळ्या पिक्चरमधला तेवढाच भाग मी नीट बघितला, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडला. बिचाऱ्या सरांना नेमकी याच वेळी लघवीला लागावी, याचं मला वाईट वाटलं.

पिक्चर सुटला तेव्हा सर बाहेर पायरीवर उभे होते. “चला,” एवढंच म्हणाले.

कट्ट्यावर संध्याकाळची गर्दी होती. म्हशी ओळीनं बांधलेल्या, गवळी मांडी घालून धारा काढत होते, आणि ग्लासभर फेसाळ दूध लोकांच्या हातात देत होते. आम्ही पाचजण एका म्हशीशेजारच्या कठड्यापाशी उभे राहिलो. सर, त्यांची बायको म्हणजे काकी, वैजयंता, मी, आणि कठड्यावर बसलेल्या आज्जी. काकी घरात कमी बोलायच्या आणि त्या दिवशी तर माझ्याकडे बघून नुसत्या हसत होत्या, त्यामुळे मला बराच धीर आला होता.

“हं, वैजू,” सर म्हणाले.

वैजयंतानं ग्लास दोन्ही हातांत धरला. “मला दोघंही सारखेच वाटले. बॉम्ब टाकणाऱ्यांनी मोतद्दाराचा विचार केला नाही आणि मोतद्दाराच्या भावानं त्या मास्तरांच्या मुलाचा केला नाही. आपापल्या परीनं दोघांचं बरोबर होतं, आणि मेले भलतेच. मला भीती वाटली पिक्चरची.”

धार काढणारा गवळी मान वर न करता म्हणाला, “म्या बी बघितला काल. एवढी वर्षं त्यो सूड घेत गावोगाव हिंडला, तर घरच्या म्हशीचं कोण बघत हुतं? ते दाखवायला पायजे हुतं.”

मधे बोलायचं नाही हा नियम गवळ्याला लागू नसावा. सगळे हसले, सरही थोडे हसले. मला ते हसू शुभशकुन वाटलं.

“चौगले,” सर म्हणाले.

मी घसा साफ केला. पण मी सुरू करायच्या आत आज्जींनी हात वर केला. “थांब. आधी मला शेवट सांग. वैजीला इचारलं तर म्हणती, काय न्हाई, संपला. मला दिसलं न्हाई काही. तू नीट सांग.”

आता हे म्हणजे देवच पावला. मत सांगायच्या आधी गोष्ट सांगायला मिळणार होती, आणि ज्यांनी शेवट चुकवला त्या सरांनाही तो ऐकवता येणार होता. वैजयंतानं माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली. नको अशी. मला वाटलं, ती म्हणतेय, लाजू नको.

“सर, तुमचापण नेमका क्लायमॅक्स चुकला,” मी म्हणालो. “आता ऐकाच.”

मी दुधाचा एक मोठा घोट घेतला आणि कामाला लागलो. गवळ्याची पालथी बादली म्हणजे मास्तरांचं दार. कठडा म्हणजे अंगण. मी वाटसरूसारखा पाय ओढत आलो. “हा असा येतो. दाढी वाढलेली. कमरेला पिस्तूल, पण वरून घोंगडं. दारात येतो तर समोर मास्तरांचं पोर. हातात तांब्या. पोर म्हणतं, काका, पाणी? हा तांब्या घेतो. आज्जी, सगळं पाणी पितो. घटाघटा. तोंड पुसतो. तांब्या पोराच्या हातात परत देतो. तेवढ्यात आतून मास्तर येतात. दोघांची नजरानजर होते. मास्तर ओळखतात. हलत नाहीत. आणि हा घोंगडं असं मागं टाकतो, आणि ठो.”

मी बोट म्हशीकडे रोखलं होतं. ती दचकली आणि तिनं पाय हलवला. गवळी म्हणाला, “सायेब, सांभाळून.” मी सांभाळायच्या पलीकडे गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं एवढं लक्ष देऊन ऐकत होते.

“माझं मत विचाराल तर,” मी म्हणालो, “पिक्चरचा सगळा जीव त्या शेवटात आहे. भाऊ असावा तर असा. ज्याचं पाणी प्याला त्यालाही सोडला नाही. आता समजा, हा पाणी पिऊन तसाच परत गेला असता, तर काय झालं असतं? गावानं त्याच्या दारात बांगड्या ठेवल्या असत्या.”

आणि मी सरांच्या मिशीकडे बघितलं. तिच्यावर हात फिरायची वाट बघत.

हात फिरला नाही. काकींचा चेहरा उतरला होता. वैजयंता माझ्याकडे बघत होती, आणि ज्या डोळ्यांनी ती पोह्यांच्या वेळी हसली होती त्या डोळ्यांत आता ओळखसुद्धा नव्हती. माझ्या वरच्या ओठावर फेस लागलेला आहे हे मला तेव्हा जाणवलं. मी तो पुसला. दुसरं काय पुसायला हवं ते कळेना.

“काकी, तुमची पाळी,” मीच म्हणालो. गप्प राहवेना.

काकी घाईघाईनं बोलल्या. “ती जी बाई हुती ना, मास्तरांची बायको, तिच्या नऊवारीला फॉल लावला हुता. मी बघितला. त्या काळात कुठला आला फॉल? एवढा पैसा घालत्यात पिक्चरमधी, आन एक बाई ठेवत न्हाईत सांगायला.”

एरवी मी यावर पोट धरून हसलो असतो. कुणी हसलं नाही.

“मी शेवट बघितला न्हाई,” सर म्हणाले. “अर्ध्या पिक्चरवर मत देऊ नये.” त्यांनी अर्धा भरलेला ग्लास तसाच उचलला आणि कोपऱ्यातल्या नळाकडे विसळायला गेले.

ते पुरेसे लांब गेल्यावर वैजयंता माझ्याजवळ आली. सरांना ती आप्पा म्हणायची. आवाज खाली होता, पण प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. “माझ्या थोरल्या चुलत्यांना गावात मारलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, कुऱ्हाडीनं. मारणारा जामिनावर सुटून घरी आला होता. आप्पा कोयता घेऊन त्याच्या घरी गेले आणि तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी गावानं आमच्या दारात चोळी-बांगड्यांचं ताट ठेवलं. तेव्हा आप्पा गाव सोडून इथं आले. झालं समाधान?”

मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण जे मी पिक्चरभर डोळे फाडून बघत होतो, तो घट्ट धरलेला दांडा, तो पुसलेला चष्मा, तो न खाल्लेला वडा, ते सगळं मला आत्ता कळलं. तो वडा मी खाल्ला होता. लग्न तर मोडलंच होतं, त्याचं दुःख मला पुढं व्हायचं होतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटत होतं की आपण एका भल्या माणसाला त्याच्या आईसमोर, बायकोसमोर, मुलीसमोर दुधाचा ग्लास हातात धरून पुन्हा एकदा मारलं.

“चला आता,” सर नळाकडूनच म्हणाले.

“थांब,” आज्जी म्हणाल्या. “माझी पाळी ऱ्हायलीया.”

शिस्त सरांचीच होती. ते थांबले, पण आमच्याकडे पाठ करून. नळ चालूच होता.

आज्जी माझ्याकडे वळल्या. “पाणी कुणी दिलं म्हणालास?”

“मास्तरांच्या मुलानं,” मी पुटपुटलो.

“केवढं पोर?”

“लहान. शाळेतसुद्धा जात नसेल.”

“आन गोळी घातली तवा ते कुठं हुतं?”

“तिथंच. दारात.”

“तांब्या घिऊन?”

“हो.”

“मग त्यानं काय केलं?”

मी आठवायला लागलो. गोळी सुटली, मास्तर पडले, धूर झाला. मग? मग घोडा होता. मग मावळता सूर्य आणि त्यात लहान होत जाणारी पाठ, आणि गाणं. पोर कुठंच नव्हतं. जन्माच्या सवयीनं मी सरांच्या चेहऱ्याकडे बघायला गेलो, कुठलं उत्तर बरं पडेल ते शोधायला. तिथं नुसती पाठ होती. पोर रडलं म्हणावं तर आज्जींना आवडेल की नाही, रडलं नाही म्हणावं तर सरांना लागेल की काय, काहीच कळेना.

“मला माहीत नाही, आज्जी,” मी म्हणालो. “दाखवलं नाही.”

“दाखवलं न्हाई?”

“नाही. हिरो घोड्यावरून निघून जातो आणि पिक्चर संपतो.”

“आन ते पोर तिथंच?”

“तिथंच.”

आज्जींची ती एक चांगली नजर समोरच्या म्हशीवर होती, पण त्या म्हैस बघत नव्हत्या. मग त्यांनी सरांकडे तोंड केलं.

“दत्तू, तिकडं कोण हुतं रं?”

“कुठं?”

“तुला ठावं हाय कुठं.”

सरांनी नळ बंद केला. वळले नाहीत. मुलांच्या कवायतीला मैदानभर घुमणारा तो आवाज आता आम्हाला जेमतेम ऐकू येत होता.

“त्याची पोरगी हुती. अंगणात. करवंट्या मांडून भातुकली खेळत हुती. मला म्हणाली, आबा भाईर गेल्यात, तुमी बसा, आत्ता जेवाण झालंय. आन पानावर खडं वाढलं माझ्यापुढं.”

“मग?”

“मग बसलो. कोयता खाली ठेवला.”

“जेवलास?”

“व्हय. खोटं-खोटं. ती आणखी वाढाय लागली, मी म्हणलं, पुरं बाय, पोट भरलं. आन उठून आलो.”

काकींनी पदर तोंडाला लावला. वैजयंता सरांकडे चालत गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. मला वाटतं, तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“ह्ये मला कधी सांगितलं न्हाईस,” आज्जी म्हणाल्या.

“तू कधी इचारलं न्हाईस, आई.”

“न्हाई इचारलं. मला वाटलं, भ्यालास.” आज्जींनी ग्लास कठड्यावर ठेवला. “थोरला गेला तवा माझं डोळंच गेलं हुतं बघ. तू परत आलास त्या दिवशी मी तुला जेवाय वाढलं न्हाई. तू चुलीपुढं बसलास, मी उठून गेलो. त्या दिवसापास्नं आजवर वाढलं न्हाई. सून वाढती, नात वाढती. मी न्हाई.”

“ऱ्हाऊ दे, आई.”

“ऱ्हाऊ दे कसं? त्या बारक्या पोरीला तुला वाढायचं कळलं, आन मला कळलं न्हाई. बरं केलंस परत आलास. चुकलं माझं.”

सर तिथल्या म्हशीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गवळ्यानं काही न विचारता धार थांबवली. कोल्हापूरचा गवळी गप्प बसला, यावरून काय ते समजा.

मी हळूच निघायच्या बेतात होतो. स्टँडवर जाऊन शेवटची गाडी पकडावी, धरणावर जावं आणि पुन्हा म्हणून कुणासमोर तोंड उघडू नये, असा माझा साधा विचार होता. दोन पावलं टाकली असतील.

“तू कुठं निघालास?” आज्जी म्हणाल्या. “इकडं ये. नाव काय तुझं?”

“धैर्यशील,” मी म्हणालो. इतकी लाज मला ते नाव सांगताना कधी वाटली नव्हती.

“दत्तू, ह्या पोराला अक्कल बेताची हाय,” आज्जी सरांना म्हणाल्या. “समोरच्याचं तोंड बघून बोलतंय. पर ठावं न्हाई तिथं ठावं न्हाई म्हणालं. शिकवलं तर शिकंल. वैजी, तुझं काय म्हणणं हाय?”

वैजयंतानं माझ्याकडे बघितलं. मी इतका केविलवाणा दिसत असणार की तिचा राग टिकला नाही. “पुन्हा कधी नाटक करणार नाही असं लिहून द्यायला सांग,” ती म्हणाली.

“देतो,” मी म्हणालो. “सर, मला माफ करा. मी पिक्चर बघितलाच नाही. मी सगळा वेळ तुमच्याकडे बघत होतो, तुम्हाला काय आवडतंय ते कळावं म्हणून. मला मत नव्हतंच. मला फक्त वैजयंता पाहिजे.”

सर वळले. डोळे लाल होते आणि मिशीची दोन्ही टोकं ओली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, शाळेत रांगेत चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या मुलाला बघावं तसं.

“ह्ये मत हाय,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन या.”

लग्न त्याच वर्षी झालं. पिक्चर बघायची आणि कट्ट्यावर मतं द्यायची रीत आमच्याही घरात चालू आहे. माझी पाळी आली की बायको आधी विचारते, तुम्ही पडद्याकडे बघितलं होतं ना.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावरूनच स्टँडवर गेलो, त्यामुळे पुढचं मी बघितलं नाही. ते वैजयंतानं मला नंतर सांगितलं. घरी गेल्यावर आज्जींनी काकींना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. एका डोळ्याच्या आधारानं चाचपत स्वतः भाकरी थापल्या, ताट घेतलं आणि सरांना हाक मारली. सर मांडी घालून बसले. आज्जी वाढत राहिल्या, भाकरीवर भाकरी, आमटीवर आमटी. सरांचं पोट केव्हाच भरलं होतं, पण ते एकदाही पुरे म्हणाले नाहीत.